विरोधातला आधी

“विरोधातला आधी!”

मोतीराम काकडांचा हा आवाज ज्यांनी नाशिकच्या सातपूरमधल्या त्या कंपनीच्या गेटवर ऐकला, ते अजून तो काढून दाखवतात. छाती पुढे, मान जराशी कलती, हातात बॅटरीचा भोंगा. पहिली पाळी सुटायची आणि दुसरी आत जायची, त्या मधल्या वेळात युनियनची गेट सभा. समोर डबे काखेत मारलेली, घरी पळायची घाई असलेली माणसं. साल शहाण्णव. विषय संपाचा.

“संप करायचा म्हणणारे लय हायेत. त्यांची तोंडं मला रोज दिसतात. नको म्हणणारा कोण हाये? त्यानं आधी वर यायचं.”

गर्दीतून एक किडकिडीत माणूस पुढे आला आणि सिमेंटच्या ओट्यावर चढला. त्यानं भोंगा तोंडाला लावला.

“मी कारभारी ढिकले. डिपार्टमेंट हीट ट्रीटमेंट. राहणार सय्यद पिंपरी. माझं म्हणणं, संप नको. मागचा संप आपण हरलो होतो. ते कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.”

“चमचा!”

“मॅनेजरचा जावई!”

“खाली ओढा रे त्याला!”

मोतीरामनी भोंगा स्वतःकडे घेतला. “जावई कोण म्हणालं? वर ये. नाव सांग, गाव सांग, डिपार्टमेंट सांग, आन मग म्हण.” ते थांबले. कोणी आलं नाही. “नाय येत? मग गप ऐक. तो नाव सांगून बोलला, तू गर्दीच्या पोटातून बोलला. आता तूच सांग, भो, कोणाच्या अंगात दम हाये?”

हशा पिकला. कारभारीचं बोलणं पुरं झालं. मग हात वर झाले, संप ठरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कारभारीनं गेटवर सगळ्यांबरोबर मांडी घातली. त्याला कोणी बोट लावलं नाही.

नियम मोतीरामांचाच होता. सगळे त्यांना नानाच म्हणत. मखमलाबादच्या फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातला हा माणूस मिलिंग मशीनवर लागला आणि युनियनच्या कमिटीवर निवडून आला, तेव्हा त्यानं दोनच गोष्टी मागून घेतल्या. विरोधातला आधी बोलेल. आणि जो बोलेल तो नाव, गाव सांगून बोलेल.

“नाव सांगितलेल्या माणसाला कोणी मारत नाय,” ते म्हणायचे. “उद्या कार्ड पंच करायला त्याच्याच मागं उभं रहायचंय ना!”

नव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीला टाळं लागलं. युनियन गेली, भोंगा कुठल्याशा माळ्यावर गेला. नाना बायकोबरोबर, विमलाबाईंबरोबर, फुलांत उतरले. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोड, मग पंचवटीच्या बाजारात गोणी. पण सवय जाते कुठे? फुलबाजारात वजनावरून भांडण लागलं की नाना मध्ये. “थांबा, थांबा. मावशी, तुमचा विरोध हाये ना? मग तुम्ही आधी.” विमलाबाई मागून म्हणायच्या, “अहो सभापती, गोणी उचला.”

मुलगा ललित. त्यानं हार्डवेअरचा कोर्स केला, घरी कॉम्प्युटर जोडला, ब्रॉडबँड घेतलं आणि ऑर्कुट या तेव्हाच्या साइटवर सातपूरच्या लोकांसाठी एक कम्युनिटी काढली. बघता बघता गर्दी झाली. कामगार, कामगारांची कॉलेजातली पोरं, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले, एक-दोन तर पार दुबईचे. आणि गर्दी झाल्यावर जे होतं ते झालं.

“नाना, मी बंद करतो हे,” एका संध्याकाळी ललित वैतागून म्हणाला. “विषय होता बसस्टॉप कुठं हवा. आता आईबहिणीवर आलेत.”

“तिथला सभापती कोण हाये?”

“सभापती नसतो, नाना. ओनर असतो. मी आहे.”

“म्हणजे सभापतीच. मग सभा चालवता येत नाय तुला.” नानांनी खुर्ची ओढली. “लिही. पहिला नियम. विरोधातला आधी.”

“आधी कसं? तिथं सगळे एकदम लिहितात.”

“मग असं लिही, विरोधात बोलणाऱ्याला पुरं बोलू द्यायचं. दुसरा नियम, नाव, राहणार कुठं, काम काय, हे सांगितल्याशिवाय बोलायचं नाय. तिसरा, कोणाचं बोलणं तोडायचं नाय.”

“शिव्या दिल्या तर?”

“शिवी देणारा नाव सांगत नसतो. नाव सांगितलं की शिवी आपोआप गिळतो माणूस. तू लिही.”

आणि खरंच, काही महिने ते चाललं. लोकांना गंमत वाटली. ‘मी अमुक, राहणार अशोकनगर, काम टर्नर’ असं लिहून मंडळी बसस्टॉपवर, नळाच्या पाण्यावर, त्र्यंबक रोडच्या खड्ड्यांवर भांडू लागली. भांडणात मजा आली. नानांना टायपिंग येत नव्हतं. संध्याकाळी फुलांचा वास लागलेले हात पुसून ते ललितच्या मागं उभे राहायचे आणि तोंडी सांगायचे. ललित टाइप करायचा. नानांना त्यांचं गेट परत मिळालं होतं.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत वारं फिरलं. परप्रांतीयांविरुद्ध वातावरण तापलं, शहरात मारहाण झाली, आणि सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधली उत्तरेकडची पोरं पिशव्या घेऊन नाशिकरोड स्टेशनच्या वाटेला लागली. कम्युनिटीवर एकच सूर होता. बरं झालं, गेले, आपल्या पोरांना कामं मिळतील.

“विरोधात कोण हाये?” नानांनी लिहायला लावलं. “विरोधातल्यानं बिनधास्त बोलावं. मी बसलोय इथं.”

त्यावर एका मुलीनं लिहिलं.

‘मी संजना भीमराव पगारे. राहणार प्रज्ञानगर. काम, पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये डिस्पॅच. आमच्याकडची बिहारची पोरं परवा गेली. जाताना मुनीलालनं मशीन पुसून ठेवलं, रोज ठेवायचा तसंच. बफिंगला, म्हणजे पत्रा घासून चमकवायला, त्याच्या जागी आपल्यातलं कोणी आलेलं नाही, कारण त्या काळ्या धुळीत आपल्याला उभं राहायचं नाही. रागवा हवं तर. पण आपण त्यांना घाबरवलं आणि ते चुकलं, असं मला वाटतं.’

खाली नानांसाठी एक ओळ होती. ‘माझे वडील तुमच्या कंपनीत पेंट शॉपला होते. ते सांगायचे, काकड नानांच्या सभेत कोणीही बोलू शकतं.’

“भीमरावची पोरगी!” नाना खुर्चीतून उठलेच. “भीमराव वारला तेव्हा शाळेत जात होती. बघ, विमल, कशी बोलली बघ!”

विमलाबाई हार ओवत होत्या. “बोलली खरी,” त्या म्हणाल्या. “एकटीच बोलली का?”

पहिलं उत्तर सरळ होतं. अशोकनगरच्या एका टर्नरनं नावगाव सांगून लिहिलं की ताई, माझा भाऊ घरी बसून आहे, त्याला मी काय सांगू? नाना खूश. “अशी सभा पाहिजे!”

दुसरं उत्तर आलं, ‘प्रज्ञानगर म्हणजे निळ्या झेंड्याचं ना? मग बरोबर. यांना सगळं फुकट मिळतं. बोलायला काय जातं.’

तिसरं त्याहून खाली. चौथं वाचून ललितनं मान फिरवली. संजना चूक का आहे हे कोणी लिहितच नव्हतं. ती कोण आहे तेवढंच सगळे लिहीत होते. आडनाव आणि कॉलनी, दोन्ही तिनं नियमानं दिलेलं होतं. नानांनी आयुष्यभर काकड हे आडनाव आणि मखमलाबाद हे गाव छाती फुगवून सांगितलं होतं. नावागावात दुसरं काही वाचता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कधी त्यांच्या अंगावर आलं नव्हतं.

“टॉपिक उडवू का?” ललितनं विचारलं.

“नाय. विचार त्यांना. नाव, गाव सांगून बोला म्हणावं.”

ललितनं लिहिलं. एका ‘नाशिकचा वाघ’ नावाच्या प्रोफाइलवरून लगेच उत्तर आलं. फोटोच्या जागी वाघाचा जबडा.

‘नाव वाघ. राहणार प्रज्ञानगरच्या मागं. काम, बघशीलच.’

मग विमलाबाईंनी सुई झेंडूत खोचून ठेवली. “काढून टाका ना ते.”

“कोणाचं बोलणं तोडायचं नाय, विमल. आज वाघाचं तोडलं तर उद्या कारभारीचं तोडशील.”

“कारभारीच्या शेजारी तुम्ही उभे होता, भोंगा घेऊन. ह्या पोरीच्या शेजारी कोण उभं हाये?”

“मी हाये की.”

“कुठं? ह्या खुर्चीत?”

नाना चिडले. “तुला सभेतलं कळत नाय.”

“नाय कळत,” विमलाबाई म्हणाल्या आणि परत ओवू लागल्या. “पोरीच्या आईला विचारा, तिला कळत असंल.”

दोन दिवसांनी दुपारी घरचा फोन वाजला.

“काका, मी संजना पगारे बोलतेय.” आवाज दाबलेला, मागं मशीनची घरघर. “ललितदादाच्या प्रोफाइलवर हा नंबर होता. वर्कशॉपच्या बाहेर गाड्यांवर पोरं येऊन थांबलीत. माझं नाव घेऊन विचारतायत. मालक लय घाबरलेत. काका, तेवढं माझं नाव काढून टाका तिथून.”

“तू घाबरू नको. मी आलो.”

“येऊ नका बघू. आधी नाव काढा, काका.”

“आलो म्हणलं ना!”

ललित बाहेर गेला होता आणि नानांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता, हे खरं. पण ललितला मोबाइल होता. एक फोन पुरला असता. नानांनी तो केला नाही. त्यांनी लुना काढली.

वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. समोर मोटरसायकली. विशीतली पोरं, काहींच्या गळ्यात कंपनीचे पास तसेच लटकलेले, पाळी करून आलेली. नाना शटरच्या पुढं जाऊन उभे राहिले. छाती पुढे, मान कलती.

“मी मोतीराम काकड. राहणार मखमलाबाद. मिलिंगला होतो. ज्याला त्या पोरीशी बोलायचंय त्यानं आधी माझ्याशी बोलायचं. नाव सांगून बोलायचं. कोण येतंय?”

कोणी आलं नाही. कोणी ओरडलंही नाही. एकानं मोबाइल वर धरला. मग दुसऱ्यानं. पोरं फोटो काढत होती. नानांचे, शटरचे, शटरवरच्या पाटीचे.

“अरे बोला ना! तोंडं नाय का तुम्हाला?”

“नाना, जरा डावीकडं सरका,” एक जण अगदी अदबीनं म्हणाला. “पाटी येत नाही.”

बाकीचे फिसकन हसले. नाना सरकले नाहीत. गेटवर शिवी आली की तिला उत्तर होतं. इथं नुसते हात वर धरलेले. थोड्या वेळानं मोटरसायकली सुरू झाल्या आणि पोरं निघून गेली.

नानांनी शटरवर थाप मारली. “ये बाहेर, पोरी! गेले बघ. समोर माणूस उभा राहिला की जातात.”

संजना शटरखालून वाकून बाहेर आली. सव्वीस-सत्तावीसची, केस घट्ट बांधलेले, खिशाला पेन. “गेले नाहीत, काका,” ती म्हणाली. “त्यांचं इथलं काम झालं.” मग तिनं विचारलं, “नाव काढलं का?”

नाना लुनाची किल्ली चाचपू लागले.

“काढलं नाही.” तिनं स्वतःच उत्तर दिलं आणि आत जाऊन पर्स घेऊन आली. मागून मालकाचा आवाज आला, “संजना, थोडे दिवस येऊ नको. मी फोन करतो.” तो फोन कधी आला नाही.

प्रज्ञानगरला दोघं लुनावरून गेले. गल्लीच्या तोंडाशीच वास लागला. यंत्रातून काढलेल्या जळक्या ऑइलचा वास, सातपूरच्या माणसाला लगेच कळणारा. घराच्या दारावर, भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांवर काळे ओघळ. संजनाची आई तानुबाई ओट्यावर बसली होती. ती कपडे काढायला बाहेर आली तेवढ्यात गाड्यांवरून आलेल्या पोरांनी ऑइलचा कॅन तिच्या डोक्यावर रिकामा केला होता. शेजारणी गोणपाटानं तिचं तोंड पुसत होत्या. डोळे उघडत नव्हते.

“आई!”

“मला काय नाय झालं,” तानुबाई म्हणाली. “तुझी साडी होती ना दोरीवर, ती गेली.” मग तिला दुसऱ्या माणसाची चाहूल लागली. “कोण हाये संगं?”

नानांनी नाव सांगितलं नाही. पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी ललितनं अख्खा टॉपिक उडवला. संजनाचं बोलणं गेलं आणि त्याखालचं सगळंही गेलं. दुसऱ्या दिवशी संजनाला आणि तानुबाईला घेऊन नाना आणि ललित तक्रार द्यायला गेले. ठाण्यातल्या जमादारानं शांतपणे ऐकून घेतलं.

“धमकी कुठं लिहिली होती म्हणता? दाखवा.”

“काढून टाकलं ते,” ललित म्हणाला.

“कोणी?”

“आम्हीच.”

“आणि पोरीचा पत्ता तिथं कोणी टाकला?”

“मीच,” संजना म्हणाली. “तिथला नियम होता.”

“कोणाचा नियम?”

नाना म्हणाले, “माझा.”

जमादारानं पेन टेबलावर आडवं ठेवलं. “मग काका, मी नाव कोणाचं लिहू?”

त्यानंतर नाना तीन-चार दिवस बाजारात गेले नाहीत. विमलाबाई एकट्या गोणी नेत होत्या. एकदा जेवताना नाना एकदम म्हणाले, “तिचं बोलणं पडलं नाय पाहिजे.”

“आता काय करताय?” विमलाबाईंनी विचारलं.

“मी बोलतो तेच. माझ्या नावानं. येऊ दे माझ्या दारावर ऑइल.”

“तिला विचारलं का?”

“तिला कायला परत त्रास द्यायचा?”

ललितला संजनाचं लिहिणं जवळपास पाठ झालं होतं. त्यानं तेच शब्द पुन्हा टाकले. मुनीलाल, पुसलेलं मशीन, बफिंगची काळी धूळ, आपण घाबरवलं आणि ते चुकलं. वरती फक्त एवढंच नवं होतं. ‘मी मोतीराम काकड, राहणार मखमलाबाद, काम फुलांचं. मला एकीनं सांगितलं, आन मला ते पटलं.’

मग नाना दाराकडं तोंड करून बसले. ऑइलची वाट बघत.

ऑइल आलं नाही. उत्तरं आली. ललित एकेक वाचत गेला आणि त्याचा आवाज मोकळा होत गेला.

‘नाना, विचार करायला लावलंत.’

‘मुनीलालचं वाचून वाईट वाटलं. मेहनती पोरं होती, हे मान्य करावं लागेल.’

‘अशी वडीलधारी माणसं आहेत म्हणून सातपूर टिकून आहे.’

“आणि हे ऐका, नाना! वाघानं लिहिलंय.”

‘नाना, तुमच्या वयाचा मान आहे. पटत नाही, पण तुमचं मत ऐकून घेतलं. नमस्कार.’

“बघा! समजले की नाही लोक?” ललित हसत वळला. नानांचं तोंड बघून त्याचं हसू तसंच राहिलं.

रविवारी नाना प्रज्ञानगरला गेले. दाराला नवा रंग दिला होता, तरी खालून काळं फुटून वर येत होतं. तानुबाईनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता. रॉकेल झालं, साबण झाला, खोबरेल झालं, ऑइल निघेना. शेवटी केस कापावे लागले होते.

संजनानं खुर्ची दिली. स्वतः उभी राहिली.

“वाचलं मी, काका. सायबर कॅफेत जाऊन.”

“तुझं बोलणं पडू दिलं नाय मी.”

“किती छान बोलले सगळे.” तिनं एक हात छातीवर ठेवला, आवाज जाड केला. “‘नाना, विचार करायला लावलंत.’ ” मग हात खाली घेतला. “एखादा शब्द बदलला होता का तुम्ही?”

“नाय. तुझेच शब्द. वर फक्त माझं नाव.”

“तेच म्हणते मी.”

तानुबाई मध्येच म्हणाली, “चहा टाकू का?” आणि ती आत गेली.

“मी विचारायला पाहिजे होतं तुला,” नाना म्हणाले.

“फोनवर मी एकच गोष्ट मागितली होती, काका. नाव काढा. तुम्ही तुमची सभा घेऊन आलात. मग माझे शब्द घेऊन गेलात.” ती ओरडत नव्हती. डिस्पॅचला माल मोजताना बोलत असेल तसं बोलत होती. “मला माहीत आहे तुमच्या मनात वाईट नव्हतं. बाबा सांगायचे ते खोटं नव्हतं. पण बाबा कधी तुमच्या त्या ओट्यावर चढून बोलले होते का? आठवतंय?”

नानांनी आठवून बघितलं. भीमराव पगारे, पेंट शॉप. सभेत नेहमी असायचा. मागं, झाडाच्या बुंध्याशी. टाळ्या वाजवायचा.

“नाय,” ते म्हणाले. “बोलला नाय कधी.”

“तुम्ही टाकलेलं ते काढून टाका.”

“आत्ता कुठं ऐकायला लागलेत, संजना.”

“तुमचं ऐकायला लागलेत. माझे शब्द तुमच्या तोंडून त्यांना गोड लागतात, ते मला तिथं बघायचं नाही. काढा.”

घरी आल्यावर नानांनी ललितला सांगितलं. ललित चिडला. “नाना, पहिल्यांदा नीट चर्चा चाललीये! कारभारीकाकांच्या पोरानंसुद्धा लिहिलंय.”

“काढ.”

“लोक विचारतील, का काढलं म्हणून.”

“विचारू दे. आन माझं नाव पण काढ तिथून.”

संजनाला पुढं अंबडला काम मिळालं, पण प्रज्ञानगरचं घर त्यांनी सोडलं. कुठं गेल्या, ते नानांना कळवलं नाही आणि नानांनीही शोधलं नाही.

नाना आता परत बाजारात जातात. कधी सातपूरला काम निघालं की भाजी मंडईतून चालत येतात. माणसं ओळखतात त्यांना. कोणी तरणा पोरगा गाडी थांबवतो, उतरतो, वाकून म्हणतो, “नमस्कार, नाना. बरंय ना?” पूर्वी नाना आधी हात जोडायचे. आता ते आधी त्याच्या नखांत ऑइल दिसतं का बघतात. पण सातपूरला निम्म्या पोरांची नखं काळीच असतात.